किनाऱ्यावर येणारे सरगॅसम शेवाळ : पर्यटकांना ताप, शेतीला खत?

नदीकाठच्या शेतकरी बंधूंना जलपर्णीची ओळख करून देण्याची गरज नाही. पंचगंगेच्या पात्रात किंवा उजनीच्या फुगवट्यात पाहता पाहता हिरवा गालिचा पसरतो, मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला मुळ्या अडकतात, मासेमाराची होडी पुढे सरकत नाही आणि पाण्याला वास मारू लागतो. कितीही काढली तरी महिन्याभरात जलपर्णी पुन्हा हजर होते. अशीच एक वनस्पती गेली काही वर्षे समुद्रात माजली आहे. तिचा उपद्रव आपल्या किनाऱ्यावर नाही. अटलांटिक महासागराच्या पलीकडे, कॅरिबियन समुद्रातील बेटांवर आणि मेक्सिकोच्या पूर्व किनाऱ्यावर तो होतो आहे. पांढऱ्या वाळूसाठी आणि निळ्या पाण्यासाठी जगभरातून पर्यटक जेथे येतात, तेथे आता वर्षातील काही महिने तपकिरी कुजकट थर साचतो. या वनस्पतीचे नाव सरगॅसम.

हा विषय शेतीच्या मासिकात घेण्याचे कारण म्हणजे या शेवाळाचे खत करावे असे सुचविणारे पुष्कळ आहेत. फुकट मिळणारा सेंद्रिय माल शेतात टाकावा असे कोणालाही वाटेल. परंतु तो टाकण्यापूर्वी काय पाहावयास हवे, हे तेथील अनुभवावरून आपल्यालाही शिकण्यासारखे आहे.

सरगॅसम म्हणजे काय?

सरगॅसम हे तपकिरी रंगाचे समुद्री शेवाळ होय. त्याच्या अनेक जाती आहेत. त्यांपैकी बहुतेक जाती समुद्रतळाच्या खडकांना चिकटून वाढतात. मात्र अटलांटिक महासागरातील सरगॅसम नॅटन्स आणि सरगॅसम फ्लुइटन्स या दोन जाती जन्मभर तरंगत राहतात. त्यांना ना जमीन लागते ना खडक. देठांवर वाटाण्याएवढ्या हवेने भरलेल्या गाठी असतात, त्यामुळे वनस्पती पाण्याच्या पृष्ठभागावर राहते. जलपर्णीच्या फुगीर देठाचे काम येथे या गाठी करतात. मुळे नसल्याने अन्नद्रव्ये सर्व अंगाने शोषली जातात, जशी फवारणीचे खत पानातून घेतले जाते तशी. या जातींना फूल, फळ, बी यांपैकी काहीही येत नाही. तुकडा मोडला की त्याचे वेगळे झाड होते. पाण्यात नत्र आणि स्फुरद भरपूर असेल व ऊन चांगले असेल, तर दोन-तीन आठवड्यांत वजन दुप्पट होऊ शकते. खोल समुद्राच्या निकस पाण्यात हीच वाढ फार सावकाश होते.

ही वनस्पती नवी नाही. १४९२ साली कोलंबसाच्या जहाजांना अटलांटिकच्या मध्यात या शेवाळाचे तरते पट्टे लागले होते. त्या भागाला सरगॅसो समुद्र असेच नाव पडले. या समुद्राला कोणताही किनारा नाही. चारही बाजूंनी फिरणाऱ्या सागरी प्रवाहांनी त्याची हद्द आखली आहे आणि प्रवाहांच्या भोवऱ्यात शेवाळ अडकून राहते. तेथे ते उपद्रवी नाही. कासवांची पिल्ले त्यात आसरा घेतात, लहान मासे व कोळंबी त्यात वाढतात, युरोप आणि अमेरिकेच्या नद्यांतील वाम मासे अंडी घालण्यासाठी याच समुद्रात जातात. नको त्या जागी उगवते ते तण, अशी आपण तणाची व्याख्या करतो. सरगॅसमला ती तंतोतंत लागू पडते.

२०११ साली काय झाले?

२०११ पूर्वी कॅरिबियन किनाऱ्यावर थोडेफार शेवाळ येत असे व कोणी त्याची दखल घेत नसे. त्या वर्षी मात्र बार्बाडोससह अनेक बेटांच्या किनाऱ्यांवर ढीगच्या ढीग येऊन पडले. प्रथम सर्वांना वाटले की सरगॅसो समुद्रातील शेवाळच वाहून आले असावे. उपग्रहांच्या छायाचित्रांवरून निराळेच चित्र पुढे आले. हे शेवाळ दक्षिणेकडून, आफ्रिका आणि ब्राझील यांच्यामधील उष्ण कटिबंधीय समुद्रातून येत होते. पूर्वी तेथे ते जवळजवळ नव्हतेच.

त्याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते. २००९-१० च्या हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवरील वाऱ्यांची घडी नेहमीपेक्षा फार बिघडली. त्या वाऱ्यांनी सरगॅसो समुद्रातील काही शेवाळ पूर्वेकडे ढकलले, तेथून ते प्रवाहाबरोबर दक्षिणेस विषुववृत्ताजवळ गेले. तेथे त्याला बारमाही ऊन, कोमट पाणी आणि अन्नद्रव्ये मिळाली. एकदा बेणे पडले, त्याने मूळ धरले आणि तेव्हापासून २०१३ चा अपवाद वगळता उन्हाळ्यात तेथे शेवाळाचा पट्टा तयार होत आला आहे. जून २०१८ मध्ये पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत हा पट्टा ८,८५० किलोमीटर लांब होता आणि त्यात दोन कोटी टनांहून अधिक ओले शेवाळ होते. अमेरिकेतील साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या साह्याने हे मोजले. मे २०२५ मध्ये हाच आकडा ३ कोटी ७५ लाख टनांवर गेला. आपल्या राज्यातील सर्व साखर कारखाने चांगल्या हंगामात सुमारे दहा कोटी टन ऊस गाळतात. त्याच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक माल समुद्रात कोणी न पेरता, कोणी पाणी न देता उभा राहिला. यातील बराचसा भाग किनाऱ्याला लागतच नाही, परंतु जो लागतो तोही झेपण्यापलीकडचा असतो.

याला खत कोण घालते, यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही. ॲमेझॉनसारख्या मोठ्या नद्यांतून येणारे नत्र हे एक कारण सांगितले जाते. जंगलतोड आणि शेतातील रासायनिक खते यांचा त्यात वाटा आहे. १९८० च्या दशकातील शेवाळाचे जुने नमुने आणि २०१० नंतरचे नमुने ताडून पाहता, शेवाळातील नत्राचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी वाढल्याचे व स्फुरदाचे घटल्याचे आढळून आले. स्फुरद घटल्याची ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे. दुसरे मत असे की, विषुववृत्ताजवळ खोल पाणी वर येते व त्याबरोबर स्फुरद येते, आणि नत्र मात्र शेवाळाच्या अंगावर राहणारे सूक्ष्म जीव हवेतून स्थिर करतात. प्रवाळांच्या अभ्यासावरून २०२५ साली हे मत मांडण्यात आले. भात खाचरात आपण निळे-हिरवे शेवाळ किंवा ॲझोला सोडतो, त्याच्याशी ही व्यवस्था फार मिळतीजुळती आहे. माझ्या मते दोन्ही कारणे आपापल्या जागी खरी असावीत. नदीच्या मुखाजवळ आणि भर समुद्रात एकच हिशेब लागू पडेल असे नाही.

पर्यटकांवर होणारा परिणाम

मार्च-एप्रिलपासून शेवाळाची आवक वाढू लागते आणि जून-जुलैत ती शिगेला पोहोचते. नेमका हाच काळ उत्तर अमेरिकेतील शाळांच्या सुट्टीचा. कॅनकून, प्लाया देल कारमेन, तुलुम ही मेक्सिकोची किनारी ठिकाणे केवळ पर्यटनावर उभी आहेत. कॅनकून शहर तर मेक्सिको सरकारने १९७० पासून पर्यटनासाठीच वसविले. तेथील हॉटेलांत साफसफाई करणारे, स्वयंपाकघरात राबणारे, होडी चालविणारे अनेक लोक आसपासच्या मका पिकविणाऱ्या माया खेड्यांतून आलेले आहेत. पर्यटक आले नाहीत तर पगार कमी होतो आणि बक्षिशी बुडते. आपल्याकडे किनाऱ्यावर न्याहारी-निवास चालविणाऱ्या कुटुंबांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पर्यटक चार-सहा महिने आधी पैसे भरून जागा धरतो. शेवाळ मात्र चार-सहा दिवसांच्या वाऱ्यावर ठरते. यंदाचे वर्ष वाईट आहे एवढे उपग्रहावरून आधी कळते, पण अमुक किनाऱ्यावर अमुक दिवशी किती येईल, हे आधीपासून कोणी सांगू शकत नाही. पूर्वेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यांवर मारा अधिक होतो. बेटाची पश्चिम बाजू बहुधा स्वच्छ राहते. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर हा फरक फार स्पष्ट दिसतो. म्हणून जाणते प्रवासी आता हॉटेलपेक्षा किनाऱ्याची दिशा आधी विचारतात.

ताजे, तरंगते शेवाळ विषारी नाही. त्यात पोहणाऱ्याच्या अंगाला खाज सुटते ती शेवाळात राहणाऱ्या, डंख करणाऱ्या बारीक समुद्रजीवांमुळे. खरा त्रास शेवाळ किनाऱ्यावर पडून राहिल्यावर सुरू होतो. सुमारे ४८ तासांनी ढिगाच्या आत हवेविना कुजणे सुरू होते आणि हायड्रोजन सल्फाइड व अमोनिया वायू बाहेर पडतात. गोबरगॅस संयंत्राजवळ कुजक्या अंड्यांसारखा जो वास येतो तोच हा वायू. डोके दुखणे, डोळे चुरचुरणे, मळमळ, श्वास लागणे अशा तक्रारी त्याने होतात. दमेकरी आणि लहान मुले यांना अधिक त्रास होतो. मार्टिनिक व ग्वाडेलूप या फ्रेंच बेटांवर २०१८ साली आठ महिन्यांच्या काळात अनुक्रमे ८,०६१ आणि ३,३४१ लोकांना या वायूची बाधा झाल्याची नोंद आहे. वायूचे प्रमाण फार वाढले की नाकाला वास येणेच बंद होते, हा त्यातील मोठा धोका.

पर्यटक आठ दिवसांनी घरी जातो. किनाऱ्याला ज्यांची घरे आहेत ते कोठे जाणार? त्यांची चांदीची भांडी काळी पडतात, फ्रीज व दूरदर्शन संच लवकर नादुरुस्त होतात, कारण हा वायू तांब्याच्या तारा खातो. ऑगस्ट २०१५ मध्ये टोबॅगो बेटाच्या प्रशासनाने शेवाळाला नैसर्गिक आपत्ती म्हणून जाहीर केले. २०२२ साली अमेरिकेच्या ताब्यातील सेंट क्रॉय बेटावर समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या संयंत्राच्या तोंडाशी शेवाळ आले आणि पिण्याच्या पाण्याचीच अडचण उभी राहिली.

काढणी : वेळेत आणि बेताने

शेवाळ काढण्याचे काम म्हणजे एक प्रकारची काढणीच आहे आणि तिची वेळ चुकली की सर्व बिघडते. समुद्रात असतानाच तरते अडसर लावून ते अडविणे व होडीने उचलणे सर्वांत चांगले. मेक्सिकोत २०१९ पासून हे काम नौदलाकडे देण्यात आले. अडसर वादळात तुटतात, आणि लाट मोठी असली की शेवाळ त्यांच्या वरून व खालून निघून जाते. किनाऱ्याला लागलेले शेवाळ दोन दिवसांच्या आत, शक्यतो हाताने, दाताळ्याने ओढून काढावे असा तेथील सल्ला आहे. हॉटेलमालकांची घाई असल्याने पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टर आणि लोडर घातले गेले. त्यामुळे दोन तोटे झाले. शेवाळाबरोबर वाळूही उचलली जाऊन किनारा झिजू लागला, आणि वाळूत पुरलेली कासवांची अंडी चाकाखाली दाबली गेली. शेवाळ तसेच पडू द्यावे, तर अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना तो ढीग ओलांडून समुद्रात जाता येत नाही. उथळ पाण्यात ते कुजले तर पाणी चहासारखे तपकिरी होते, प्राणवायू संपतो आणि तळाचे समुद्रगवत व मासे मरतात.

काढलेला माल नेऊन टाकावयाचा कोठे, हा प्रश्न पुढे उभा राहतो. मेक्सिकोच्या त्या भागात जमीन चुनखडीची आहे. पावसाचे पाणी पृष्ठभागावर नदी करून वाहत नाही, ते सरळ खाली मुरते व तेच लोक पितात. अशा जमिनीवर शेवाळाचे डोंगर घातले तर त्यांतून झिरपणारे खारे पाणी विहिरींत उतरल्यावाचून राहत नाही. पोर्तो मोरेलोस येथील रोपवाटिकेचा व्यवसाय असलेल्या एका गृहस्थांनी २०१८ साली सुमारे ४० टक्के शेवाळ मिसळून कच्च्या विटा पाडल्या व त्यांचे घर बांधून दाखविले. कल्पना चांगली आहे. मात्र सर्व माल विटांत खपेल एवढी घरे तेथे बांधावयाची नाहीत.

खत म्हणून वापरावे काय?

समुद्री शेवाळ शेतात टाकण्याची चाल युरोपच्या किनाऱ्यावर फार जुनी आहे. आयर्लंडच्या पश्चिमेस अरान बेटांवर उघड्या कातळावर वाळू आणि शेवाळाचे थर घालून शेतकऱ्यांनी अक्षरशः माती तयार केली व तीत बटाटे पिकविले. शेवाळात पालाश चांगला असतो, सूक्ष्म द्रव्ये असतात, आणि त्याबरोबर तणाचे बी येत नाही. मीठ असते, पण ते एका पावसाळ्यात धुऊन निघू शकते.

सरगॅसमच्या बाबतीत अडचण आर्सेनिकची आहे. सर्वच समुद्री शेवाळांत थोडे आर्सेनिक असते. बहुतेक जातींत ते सेंद्रिय, कमी घातक रूपात असते. सरगॅसम गटात मात्र असेंद्रिय, अधिक विषारी रूपाचा वाटा मोठा आहे. याच गटातील हिजिकी नावाचे जपानी शेवाळ खाऊ नये असा सल्ला ब्रिटनच्या अन्न खात्याने २००४ साली दिला होता. वर सांगितलेल्या स्फुरदाच्या घटीचा संबंध येथे येतो. पाण्यातील आर्सेनिकचे रूप स्फुरदाशी इतके जुळते की स्फुरदाला भुकेलेली वनस्पती दोहोंत फरक करीत नाही व आर्सेनिक ओढून घेते.

मेक्सिकोच्या किनाऱ्यावर गोळा केलेल्या नमुन्यांत कोरड्या वजनावर किलोमागे २४ ते १७२ मिलिग्रॅम आर्सेनिक आढळले. जनावरांच्या खाद्यात वापरावयाच्या शेवाळासाठी ४० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. शंभरातील ८६ नमुने या मर्यादेच्या वर होते. आपल्याकडे खत नियंत्रण आदेशानुसार सेंद्रिय कंपोस्ट खतात किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक आर्सेनिक चालत नाही.

याचा शेतातील हिशेब करून पाहू. हेक्टरी १० टन ओले शेवाळ टाकले असे धरा. त्यात ८५ टक्के पाणी धरल्यास कोरडा माल दीड टन. किलोमागे १०० मिलिग्रॅम आर्सेनिक धरले तर एकूण १५० ग्रॅम. एक हेक्टरमधील १५ सें.मी. खोलीपर्यंतची माती सुमारे २२ लाख किलो भरते. म्हणजे मातीत किलोमागे ०.०७ मिलिग्रॅमची भर पडली. एकदा टाकल्याने जमीन बिघडत नाही, हे येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु दरवर्षी टाकत गेल्यास पंधरा वर्षांत ही भर एक मिलिग्रॅमवर जाते, आणि भाजीच्या वाफ्यात कोणी हेक्टरी १० टनांवर थांबत नाही. आर्सेनिक हे मूलद्रव्य असल्याने कुजविल्याने नाहीसे होत नाही. उलट कंपोस्ट होताना ढीग आटतो व आर्सेनिकचे प्रमाण वाढते. सेंट लुशिया बेटावर सरगॅसमपासून द्रवरूप खत करून विकण्याचा उद्योग चालू झाला आहे. असा माल प्रत्येक घाणीची तपासणी करूनच विकला जावयास हवा, कारण एका आठवड्याचे शेवाळ दुसऱ्या आठवड्यासारखे नसते.

मार्टिनिक आणि ग्वाडेलूप येथे आणखी एक गोष्ट घडते, ती केळी बागायतदारांनी विशेष ध्यानात घ्यावी. केळीचा कंद पोखरणाऱ्या सोंडकिड्यासाठी तेथे १९७२ ते १९९३ या काळात क्लोरडेकोन नावाचे कीटकनाशक जमिनीत टाकले जात होते. ते जमिनीत विघटन पावत नाही. पावसाबरोबर ते ओढ्यांतून समुद्रात उतरते. भर समुद्रातून स्वच्छ आलेले सरगॅसम किनाऱ्याजवळ पोहोचले की हे विष शोषून घेते. म्हणजे हेच शेवाळ गोळा करून शेतात नेले, तर ज्या बागेतून ते औषध वाहून गेले त्याच बागेत ते परत यावयाचे. या दोन्ही बेटांवरील दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या रक्तात आजही क्लोरडेकोन सापडते.

आपल्या किनाऱ्याविषयी

रत्नागिरी, मालवण येथील खडकांवरही सरगॅसम वाढते. ते खडकाला चिकटणाऱ्या निराळ्या जातींचे आहे. उधाणात तुटून थोडेफार पुळणीवर येते, त्याने पर्यटक पळून जात नाहीत. तरत्या दोन जाती अरबी समुद्रात नाहीत, त्यामुळे कॅरिबियनचे संकट कोकणात येईल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. पुळणीवरचे असे शेवाळ कोणी माडाच्या आळ्यात घालणार असेल, तर एक पाऊस त्यावर जाऊ द्यावा, पालापाचोळ्यात मिसळावे, आणि सातत्याने वापरावयाचे असल्यास प्रयोगशाळेतून आर्सेनिक व कॅडमियमची तपासणी करून घ्यावी. भाजीपाल्याला ते घालू नये.

बाजारात समुद्री शेवाळाचा अर्क म्हणून जी द्रावणे मिळतात, ती बहुधा कॅनडा, आयर्लंड, नॉर्वेकडील थंड समुद्रातील ॲस्कोफायलम शेवाळापासून किंवा तमिळनाडूत रामनाथपुरम किनाऱ्यावर लागवड केलेल्या कप्पाफायकसपासून केलेली असतात. त्यांची सरगॅसमशी गल्लत करू नये. फेब्रुवारी २०२१ पासून अशी द्रावणे जैव उत्तेजके म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली आली असून त्यांतील जड धातूंवरही मर्यादा आहे. खरेदी करताना शेवाळाची जात बाटलीवर छापली आहे का ते पाहावे, आणि पक्की पावती घ्यावी.